कळसातली यादी

मोरानेत्सच्या चौकात त्या आठवड्यात जो तो मान वर करून चालत होता. चर्चच्या मनोऱ्यावरचा तांब्याचा गोळा सत्तेचाळीस वर्षांनी खाली उतरवला होता आणि त्याच्या जागी नुसता लोखंडी दांडा आभाळात उभा होता. बेकरीवाली पाव बांधता बांधता दारात येऊन वर बघायची आणि चारच्या जागी सहा बांधून द्यायची. औषधवाल्याच्या कुत्र्यालासुद्धा वर बघायची सवय लागली असं लोक म्हणत होते.

एकटा बोहुमिर कालिना खाली बघून चालत होता. त्याचं कोणाला नवल नव्हतं, कारण तो गेली कित्येक वर्षं तसाच चालायचा. पंचाहत्तरीचा माणूस, सगळा जन्म छपरांवर पत्रे ठोकण्यात गेला, पाठ वाकणारच, असं गावानं ठरवून टाकलं होतं. जे समजायला सोपं असतं तेच गाव समजतं.

त्या गोळ्याला गावात बोंड म्हणत. दिसायला तो खसखशीच्या बोंडासारखाच होता, फक्त त्यात एखादं लहान मूल बसेल एवढा मोठा. मनोऱ्याचं छप्पर नवं केलं की काम करणाऱ्यांनी आपली नावं एका कागदावर लिहायची, कागद पत्र्याच्या नळीत घालायचा, नळी बोंडात, आणि वरून डाख लावून बोंड बंद. पुढची दुरुस्ती निघेल तेव्हा ते उघडायचं, सगळे कागद चौकात मोठ्यानं वाचायचे, त्यांत नवा वाचून घालायचा, आणि जुने जसेच्या तसे पुन्हा वर पाठवायचे. जुन्या कागदाला कोणी पेन लावायचं नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका सुतारानं तिथे पाद्रीबुवांच्या चिक्कूपणाबद्दल पानभर लिहून ठेवलंय, आणि नंतरच्या प्रत्येक पाद्रीबुवांनी ते मुकाट्यानं परत वर जाऊ दिलंय.

एरवी दोन दुरुस्त्यांमध्ये ऐंशी-नव्वद वर्षं सहज जात. लिहिणारा आपला कागद पुन्हा ऐकायला कधी उरत नसे. या खेपेला मार्चमधल्या वादळानं दांडा वाकवला, बोंड वेळेआधीच उतरवावं लागलं, आणि लिहिणारा उरला होता.

नगराध्यक्षा पावलिना शिम्कोव्हा त्याच्याकडे बुधवारी सकाळी आली. तिला जिना चढताना बोलायची सवय होती, त्यामुळे ती दारात पोचण्याआधी तिचं अर्धं बोलणं घरात पोचलेलं असायचं.

"...आणि कालिनाकाका, तुम्ही म्हणजे आमचा जिवंत पुरावा!"

"कसला पुरावा?" बोहुमिरनं विचारलं.

"अहो, सत्त्याहत्तर सालच्या टोळीतले तुम्ही एकटेच राहिलात. हिनेक मिस्त्री गेले, ते सुतार भाऊ गेले. शनिवारी बारा वाजता चौकात वाचन. जुना कागद मी वाचते. नवा तुम्ही लिहायचा आणि तुम्हीच वाचायचा. जुनाही तुम्हीच लिहिला होता ना? सगळं गाव सांगतं, अक्षर म्हणजे कालिनाचं."

"हात थरथरतो आता."

"थरथरू दे. आमचा थरथरत नाही, पण आम्हाला सहीसुद्धा धड येत नाही." ती हसली आणि उभ्यानंच कॉफी संपवून निघाली. दारात वळून म्हणाली, "हां, आणि द्राबेक मास्तरांची मुलगी येतेय, ब्लांका. ओलोमौत्सला असते. फोनवर म्हणाली, मला वाचनाला हजर राहायचंय. बिचारी! वडिलांचं नाव ऐकायला येत असणार. तिला जरा तुम्हीच बघा, काका. तुमच्याएवढं मास्तरांना ओळखणारं आता कोण आहे?"

ती गेल्यावर बोहुमिर बराच वेळ टेबलाशी बसून राहिला. बायको यार्मिला जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगी ब्रनोला होती आणि दर रविवारी फोन करून 'जेवलात का' विचारायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मनोरा समोर दिसे, म्हणून त्यानं आपली खुर्ची फार पूर्वीच भिंतीकडे तोंड करून लावली होती. यार्मिलानं एकदा कारण विचारलं होतं. ऊन डोळ्यांवर येतं, असं त्यानं सांगितलं. खिडकी उत्तरेची होती, पण तिनं पुन्हा विचारलं नाही.

झालं होतं ते असं. विलेम द्राबेक शाळेत चित्रकला शिकवायचा. अडुसष्ट साली रशियन रणगाडे गावातून गेले. पुढे प्रत्येक शिक्षकाकडून ते आले हे बरंच झालं असं लिहून मागितलं, आणि विलेमनं लिहून दिलं नाही. मग त्याला शाळेतून काढलं आणि हिनेक मिस्त्रीच्या हाताखाली पाट्या वाहायला लावलं. सत्त्याहत्तर साली मनोऱ्याचं छप्पर निघालं. कांद्याच्या आकाराचा घुमट, प्रत्येक रांगेतला पत्रा वेगळ्या वळणाचा, आणि जुने नकाशे कुठेच नाहीत. मिस्त्री डोकं धरून बसला. विलेमनं तीन आठवडे परांचीवर लोंबकळून मोजमापं घेतली आणि एकेका पत्र्याचा नमुना कागदावर काढून दिला. नुसता हमाल म्हणून आलेल्या माणसानं अख्खा घुमट उभा करून दिला.

बोहुमिरशी त्याची दोस्ती याच कामात झाली. दुपारच्या सुट्टीत विलेम त्याला चौकातून फिरवायचा. या गावात जन्मून बोहुमिरनं अठ्ठावीस वर्षांत जे पाहिलं नव्हतं ते त्यानं एका उन्हाळ्यात दाखवलं. कमानींच्या ओळीत एकही कमान दुसरीएवढी नाही, कारण प्रत्येक घरमालकानं आपल्या ऐपतीची बांधली. औषधवाल्याच्या घरावर चुन्याच्या सात हातांखाली खरवडून काढलेली चित्रं आहेत, काळ्या गिलाव्यावर पांढरा थर देऊन तो ओला असतानाच कोरलेली. "ओला असेपर्यंतच कोरता येतं, बोहूश," विलेम म्हणायचा. "दुसऱ्या दिवशी गेलास की भिंत तुला ओळख देत नाही." गुरुवारी संध्याकाळी दोघं 'हरणा'त बसायचे, बिअर घ्यायचे, पत्ते खेळायचे. विलेम वाईट खेळायचा आणि हरला की छताकडे बघून छताच्या कमानींची तारीफ सुरू करायचा.

सप्टेंबरात काम संपलं. मिस्त्री म्हणाला, "कालिना, पाच जणांची नावं लिही, नीट, तुझ्या त्या चर्चमधल्या अक्षरात." त्या संध्याकाळी बोहुमिर लिहायला बसला. यार्मिला सहा महिन्यांची पोटुशी होती. नगरपालिकेच्या नव्या घरासाठी त्यांचा अर्ज गेलेला होता. चार नावं लिहून झाली आणि त्याच्या मनात आलं, हा कागद वर जाण्याआधी चौकात वाचतात. समोर सत्ताधारी पक्षाचे लोक बसलेले असतात. विलेमच्या नावाशेजारी आपलं नाव, आणि तेही आपल्याच अक्षरात. त्यानं चार नावांखाली रेघ मारली. मिस्त्रीनं चष्म्याशिवाय सही केली. त्या वर्षी पाऊस लागला म्हणून चौकातलं वाचनच झालं नाही.

परांचीवर विलेमनं विचारलं, "काय रे, घातलंस ना मला?"

"घातलं," बोहुमिर म्हणाला.

त्यानंतर तो 'हरणा'त गेला नाही. एक गुरुवार चुकवला, मग दुसरा चुकवणं सोपं गेलं. विलेम कमानींखालून येताना दिसला की हा पलीकडच्या गल्लीत शिरायचा. तीन वर्षांनी द्राबेक कुटुंब ओलोमौत्सला गेलं. आणखी तीन वर्षांनी चर्चच्या फलकावर काळ्या चौकटीचा कागद लागला, त्यावर विलेमचं नाव होतं. बोहुमिरनं तो तीनदा वाचला आणि अंत्यविधीला गेला नाही. त्याला त्याच्या आयुष्यात एवढा एकच मित्र मिळाला होता.

शनिवारी सकाळी नऊला ब्लांका आली. पन्नाशी ओलांडलेली, केस आखूड, पायात दणकट बूट. तिनं हात पुढे केला आणि त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. विलेमही असाच पाहायचा.

"कालिनाकाका, मला वर न्याल का? बाबांचं तांबं एकदा हातानं पाहायचंय. परांचीचा आज शेवटचा दिवस आहे म्हणे."

"एकशे चाळीस पायऱ्या आहेत, बाई. मी मध्येच मेलो तर?"

"तर मी खाली येऊन सांगेन. मोरानेत्समध्ये शनिवारी तेवढीच करमणूक."

तो हसला. कोणाबरोबर हसून किती दिवस झाले होते ते त्याला आठवेना. दोघं दर दहा पायऱ्यांवर थांबत वर गेले. सज्ज्यावर वारा होता. तिथून लाकडी शिडीनं परांचीवर आले आणि घुमटाचं हिरवं पडलेलं तांबं हाताच्या अंतरावर आलं. ब्लांकानं आपला तळवा त्यावर ठेवला. पत्र्यांच्या दुमडलेल्या कडा एकीशेजारी एक वर चढत गेल्या होत्या, आणि सत्तेचाळीस वर्षांत एकही उसवली नव्हती.

खाली सगळा चौक पसरला होता. वेड्यावाकड्या कमानी, जुन्या प्लेगच्या आठवणीचा स्तंभ, औषधवाल्याच्या घरावरची मोकळी केलेली काळीपांढरी चित्रं. बोहुमिरनं फार वर्षांनी गाव असं पाहिलं.

"ब्लांका," तो म्हणाला, "कागदावर तुझ्या बाबांचं नाव नाहीये."

तिचा हात तांब्यावरच राहिला.

"मिस्त्रीनं पाच सांगितली होती. मी चार लिहिली."

"कोणी दम दिला होता?"

इथे खोटं बोलणं फार सोपं होतं. त्या काळात दम देणारे पैशाला पासरी होते, कोणाचंही नाव सांगितलं असतं तर चाललं असतं, आणि ते सगळे आता मेलेले होते. "कोणी नाही," तो म्हणाला. "एका माणसानं एक अक्षर काढलं नव्हतं. मीच घाबरलो. आणि त्यानं विचारलं तेव्हा लिहिलंय म्हणून सांगितलं."

बोहुमिरनं घाईघाईनं कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "हे बघ, नवा कागद. आत्ताच्या पोरांची नावं खाली घेतो. पहिलं नाव विलेमचं लिहितो. वर, मोठ्या अक्षरात."

"नका लिहू."

"अगं, पण—"

"बाबा या खेपेला कुठे होते कामाला? यादीत काम करणाऱ्यांची नावं असतात ना? एकदा खोटी यादी वर गेली, तेवढी पुरे झाली, काका."

तिनं हे चढ्या आवाजात म्हटलं नाही, म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. तो कागद हातात धरून उभा राहिला. जुन्याला पेन लावायचं नाही, नव्यात विलेमला जागा नाही. आपण जे केलं ते आता पुढची शंभर वर्षं तसंच वर राहणार, हे त्याला तिथे पहिल्यांदा पुरतं कळलं.

"मग मी काय लिहू?" त्यानं विचारलं.

"जे झालं ते."

"बारा वाजता सगळ्यांसमोर वाचावं लागेल."

"हो," ती म्हणाली. "ते तर लागेलच."

बारा वाजता चौक गच्च भरला. अग्निशमन दलाचा बँड, सॉसेजचा धूर, खसखशीचे केक, पुढच्या बाकांवर म्हातारेकोतारे. घासून लखलखीत केलेलं बोंड टेबलावर ठेवलं होतं. पावलिनानं नळी उघडली आणि सत्त्याहत्तरचा कागद वाचायला घेतला. वरचा मजकूर नगरपालिकेनं ठरवून दिलेला होता, बटाट्याचं पीक आणि पंचवार्षिक योजना यांच्या स्तुतीचा. लोक खो खो हसले. मग तिनं नावं वाचली. चार. बँडनं एक छोटी ललकारी वाजवली आणि लोकांनी टाळ्या पिटल्या.

कोणाच्या काही लक्षात आलं नाही. पावलिनाच्यासुद्धा नाही, ती पुढचा कागद शोधत होती. बोहुमिर टेबलाशी उभा होता आणि त्याला दिसत होतं की गप्प बसलं तर गोष्ट इथेच मिटते. ब्लांका काही बोलणार नव्हती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यानं चष्मा लावला आणि माइक तोंडाजवळ ओढला.

त्यानं आधी नव्या टोळीची सहा नावं वाचली. मग खाली त्यानं तासाभरापूर्वी लिहिलेलं वाचलं. "सत्त्याहत्तरच्या कागदावर चार नावं आहेत. कामावर पाच माणसं होती. पाचवा विलेम द्राबेक, चित्रकलेचा शिक्षक. या घुमटाचा प्रत्येक पत्रा त्यानं आखला. त्याचं नाव मी, बोहुमिर कालिना, यानं लिहिलं नाही. मला तसं कोणी सांगितलं नव्हतं. मी भ्यालो होतो. त्यानं विचारलं तेव्हा मी त्याच्याशी खोटं बोललो."

टाळ्या झाल्या नाहीत. कोणी काही ओरडलंही नाही. बँडमास्तर काठी वर धरून पावलिनाकडे बघत राहिला, आणि तिला काय खूण करावी ते कळेना. शेवटी एका पत्रेवाल्यानं पुढे होऊन कागदाची सुरळी केली आणि नळीत घातली. शेगडी पेटलेली होतीच. डाख वितळल्याचा वास आला, बोंड बंद झालं, आणि मग एकदाचा बँड वाजला.

लोक हळूहळू सॉसेजकडे वळले. बोहुमिरजवळ कोणी आलं नाही. राग होता म्हणून नव्हे, अशा वेळी काय बोलायचं असतं ते कोणाला ठाऊक नव्हतं. तो जाऊन प्लेगच्या स्तंभाच्या पायरीवर बसला. जीव हलका होईल असं त्याला वाटलं होतं. तो झाला नाही, नुसता थकवा आला.

थोड्या वेळानं ब्लांका येऊन शेजारी बसली. तिची बस दोनला होती.

"बाबांना ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"चारच नावं आहेत ते. परांचीवर तुम्ही त्यांच्या हातात नळी देऊन खाली कोळसे आणायला गेला होता म्हणे. त्यांनी उघडून वाचलं."

कोळसे आणायला तो खरंच गेला होता.

"त्या रात्री जेवताना त्यांनी आईला सांगितलं. आई भडकली. बाबा म्हणाले, त्याच्या घरी बाळ येणार आहे, त्यानं बरोबर केलं. मीच त्याला सांगायला हवं होतं, मला वगळ म्हणून. त्याच्यावर लिहायची पाळी आणायला नको होती. गुरुवारी ते 'हरणा'त शेजारच्या खुर्चीवर आपली टोपी ठेवायचे. कोणी बसू नये म्हणून. आम्ही गाव सोडलं तोवर ठेवत होते."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

चौकात माणसं बोलत होती, खात होती. बोहुमिरला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. सत्तेचाळीस वर्षं तो ज्याच्यापासून पळत होता तो माणूस त्याच्या मागे लागलेलाच नव्हता. "मग मला बोलला का नाही तो?" तो जवळजवळ रागानंच म्हणाला. "एकदा यायचं. दार वाजवायचं. मी काही—"

"आलो होतो आम्ही. त्याच वर्षी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी. बिस्किटांचं ताट घेऊन. मी सात वर्षांची होते, ताट माझ्या हातात होतं. बाबांनी तीनदा दार वाजवलं."

"मी घरी नसेन," बोहुमिर म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला अंधाऱ्या बोळातली ती थंड फरशी आठवली, आणि रोखून धरलेला श्वास.

"तुम्ही होता. मी वाकून दाराखालच्या फटीतून पाहिलं. दोन पाय होते, राखाडी मोज्यांतले. मी ओरडले, बाबा, आत पाय आहेत!"

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणाले, नाही गं, कोणी नाहीये. मग ताट उंबऱ्याशी ठेवलं आणि जिना उतरताना मला म्हणाले, हळू पाय टाक, आतलं बाळ जागं होईल."